आउडरकेर्क : अ‍ॅमस्टरडॅमच्या आधीचं गाव

अ‍ॅमस्टरडॅम म्हणजे अ‍ॅमस्टेल नदीवरचा बांध, हे ते शहर पाहून आलेल्या प्रत्येकाला गाइडने ऐकवलेलं असतं. पण ती नदी येते कुठून, हे सहसा कोणी विचारत नाही. शहराच्या मध्यातून निघायचं आणि अ‍ॅमस्टेलचा काठ न सोडता दक्षिणेला सायकल हाणत राहायचं. वस्ती विरळ होते, गुरं चरताना दिसू लागतात आणि दहाएक किलोमीटरवर एक गाव लागतं. बुल्लेवाइक नावाची छोटी नदी तिथे येऊन अ‍ॅमस्टेलला मिळते. संगमापाशी दोन चर्च, एक छोटा पूल, पाण्यालगत खुर्च्या टाकलेली दोन-चार हॉटेलं आणि झाडीआड एक विस्तीर्ण कब्रस्तान. गावाचं नाव आउडरकेर्क आन दे अ‍ॅमस्टेल. वस्ती दहा हजारांच्या आतली.

नावातच अर्धा इतिहास आहे. ‘आउडर’ म्हणजे अधिक जुनं, ‘केर्क’ म्हणजे चर्च. हॉलंडमध्ये आइसेल नदीवर आणखी एक आउडरकेर्क आहे, म्हणून मागे नदीचं शेपूट जोडावं लागतं. आपल्याकडे नुसतं पिंपळगाव म्हणून भागत नाही, बसवंत की आणखी कुठलं ते सांगावं लागतं, तसंच. हे गाव ज्या नगरपालिकेत येतं तिचं नाव आउडर-अ‍ॅमस्टेल. नदीपलीकडच्या शेजारणीचं नाव न्यूवर-अ‍ॅमस्टेल होतं, म्हणजे नवी अ‍ॅमस्टेल. 1964 मध्ये तिने ते टाकून अ‍ॅमस्टेलवेन हे नाव घेतलं. बुद्रुक आणि खुर्द जसे जोडीने नांदतात तशी ही जुनी-नवीची जोडी होती. तिच्यातली बुद्रुक तेवढी आपलं नाव राखून आहे.

जुनं म्हणजे किती जुनं? हजार वर्षांपूर्वी हा सगळा मुलूख दलदलीचा होता. कुजलेल्या शेवाळाचे आणि लव्हाळ्याचे थरावर थर साचून इथली जमीन तयार झाली. डच लोक तिला ‘वेन’ म्हणतात. ओल्या स्पंजासारखी, पाय ठेवला की दबणारी. ही जमीन उत्रेख्तच्या बिशपच्या ताब्यात होती. तिथे शेतकरी वसवले गेले. त्यांनी नदीला काटकोनात लांबच लांब चर खणले आणि दलदलीतलं पाणी नदीत सोडलं. जमीन कोरडी झाली, पीक आलं. पण पाणी निघून गेलं की असल्या जमिनीत हवा शिरते, थर कुजतात आणि जमीन खचते. ती खचली की चर आणखी खोल करायचे, म्हणजे ती आणखी खचणार. हे चक्र आजतागायत चालू आहे. एके काळी नदीपेक्षा उंच असलेली शेतं आता नदीच्या खाली गेली आहेत. बांधावर उभं राहिलं तर एका हाताला पाणी वर आणि दुसऱ्या हाताला गायी खाली, असं पाहायला मिळतं. गोव्यातल्या खाजनाच्या म्हणजे खाडीकाठच्या बांधबंदिस्त शेतीत बांध आणि मानशी म्हणजे पाण्याची दारं सांभाळणाऱ्यांना हे दृश्य अगदीच परकं वाटणार नाही. फरक एवढाच, की तिथे ओहोटीच्या वेळी पाणी आपसूक बाहेर जातं, इथे ते उपसून वर चढवावं लागतं. आधी पवनचक्क्यांनी, मग वाफेच्या इंजिनांनी, आता विजेच्या पंपांनी.

या मुलखावर बिशपच्या वतीने कारभार पाहणारा वोल्फगर नावाचा माणूस 1105 च्या दस्तात सापडतो. त्याच्यामागून आलेले अ‍ॅमस्टेलचे सरदार हळूहळू मालकासारखे वागू लागले. आपल्याकडच्या वतनदारांचा इतिहास वाचलेल्याला यात नवल वाटायला नको. वरचा धनी लांब असला की खालचा गादीवर रेलतो. 1204 मध्ये शेजारच्या हॉलंड प्रांतात (तेव्हा हे नाव एका प्रांताचंच होतं) वारसाहक्काची लढाई पेटली. उत्तरेकडचे केन्नेमरलँडचे लोक चालून आले, बांध फोडला आणि अ‍ॅमस्टेलच्या सरदाराचा वाडा जाळला. तो वाडा आउडरकेर्कमध्ये संगमाजवळ, आज कब्रस्तान आहे त्या बाजूला होता, असं मानलं जातं. पुढे 1296 मध्ये हॉलंडचा काउंट पाचवा फ्लोरिस याचा खून झाला. त्या कटात चौथा गाइसब्रेख्त व्हान अ‍ॅमस्टेल होता. त्याला परागंदा व्हावं लागलं आणि हा मुलूख हॉलंडकडे गेला.

या दोन घटनांच्या मधल्या काळात नदीच्या मुखाशी बांध पडला होता आणि बांधाभोवती कोळी-व्यापाऱ्यांची वस्ती जमली होती. 1275 मध्ये याच फ्लोरिसने त्या वस्तीतल्या लोकांना जकातमाफी दिली. अ‍ॅमस्टरडॅमचं नाव असलेला हा सर्वांत जुना कागद. तेव्हा अ‍ॅमस्टरडॅमला स्वतःचं परगणा-चर्चसुद्धा नव्हतं. धर्माच्या कारभारात ती वस्ती आउडरकेर्कच्या हाताखाली होती. 1334 मध्ये ती वेगळी झाली. म्हणजे आउडरकेर्क ही आई आणि अ‍ॅमस्टरडॅम ही लेक. पुढे लेक इतकी मोठी झाली की आईला लोक तिच्या नावाने ओळखू लागले. आणि सासरी गेलेल्या श्रीमंत लेकीने घरात न मावणारं सामान माहेरच्या माळ्यावर आणून ठेवावं, तसं अ‍ॅमस्टरडॅमने आपल्याला न झेपणारं बरंच काही या गावाकडे ढकललं. माझ्या मते गावाच्या इतिहासाची किल्ली इथे आहे.

चर्चची गोष्ट थोडक्यात सांगतो. गावाला नाव देणारं ते जुनं चर्च संत उर्बानुसचं होतं. सोळाव्या शतकात धर्मसुधारणेची लाट आली, 1578 मध्ये अ‍ॅमस्टरडॅम प्रोटेस्टंटांच्या हाती गेलं आणि आसपासची चर्चही त्यांच्याकडे गेली. 1 ऑगस्ट 1674 च्या वादळाने उत्रेख्तच्या प्रचंड कॅथीड्रलचा मधला भाग जमीनदोस्त केला, त्याच वादळाने आउडरकेर्कच्या चर्चलाही झोडपलं. आज संगमापाशी दिसतं ते अ‍ॅमस्टेलकेर्क 1775 चं आहे. विटांचं, नेटकं, फारसा नखरा नसलेलं. ‘अधिक जुनं चर्च’ या नावाच्या गावात जुनं चर्च शोधायला जाल तर फसाल, एवढाच याचा अर्थ.

कॅथलिकांना मधली दोन-अडीच शतकं उघड प्रार्थनेची मुभा नव्हती. बाहेरून चर्च वाटणार नाही अशा जागेत जमायचं, शेजाऱ्यांनी डोळेझाक करायची, असा डच पद्धतीचा व्यवहार चालायचा. बंधनं उठली आणि 1853 मध्ये कॅथलिक बिशपांची व्यवस्था पुन्हा लागली, तेव्हा हॉलंडभर चर्च बांधण्याचा धडाका सुरू झाला. आउडरकेर्कचं नवं उर्बानुस चर्च 1867 मध्ये पुरं झालं. त्याचे वास्तुशिल्पी पियर कुय्पर्स. अ‍ॅमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम आणि सेंट्रल स्टेशन यांचीच. ते स्टेशन पाहिलेल्या माणसाला इथल्या लाल विटा आणि टोकदार कमानी पाहून ओळख पटायला वेळ लागत नाही. संत उर्बानुस हा मुळात द्राक्षमळेवाल्यांचा रक्षक. या चिखलात द्राक्षाचा वेल कोणी पाहिला असेल देव जाणे, पण आसपासच्या बोव्हनकेर्क, नेस आणि डाउव्हनड्रेख्त या गावांतही चर्च त्याच्याच नावाची.

आता कब्रस्तान. आउडरकेर्कला लांबून लोक येतात ते त्यासाठी.

पोर्तुगालच्या राजाने 1497 मध्ये देशातल्या ज्यूंना सक्तीने बाप्तिस्मा दिला. 1536 मध्ये तिथे इन्क्विझिशन आलं. वरून ख्रिस्ती आणि घरात ज्यू असं जगणाऱ्यांच्या पाळतीवर राहणारं धर्मन्यायालय. हे प्रकरण आपल्याला ठाऊक आहे, कारण त्याची शाखा 1560 मध्ये गोव्यात उघडली होती. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर उपचार करणारा, भारतातल्या औषधी वनस्पतींवर ग्रंथ लिहिणारा आणि मुंबई बेट ज्याच्याकडे खंडाने होतं तो गार्सिया द ऑर्ता हा अशाच कुटुंबातला. तो 1568 मध्ये गोव्यात वारला. मेल्यावर बारा वर्षांनी, 1580 मध्ये, त्याची हाडं उकरून जाळण्यात आली. मेलेल्या माणसालाही सोडायचं नाही, असा तो न्याय होता. ऑर्ताचा आउडरकेर्कशी काही संबंध नाही. पण ज्या भीतीने ही माणसं पोर्तुगाल सोडून निघाली ती कशी होती, हे सांगायला आपल्याजवळ याहून जवळचं उदाहरण नाही.

सोळाव्या शतकाच्या शेवटाला अशी कुटुंबं अ‍ॅमस्टरडॅमला पोचू लागली. शहराने त्यांना राहू दिलं, व्यापार करू दिला, पुढे 1675 मध्ये भलंमोठं सिनेगॉग म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर बांधू दिलं. पण सुरुवातीच्या वर्षांत शहरात मयत पुरायला जागा मिळेना. मग 1607 मध्ये त्यांनी उत्तरेला अल्कमारजवळच्या ग्रूट गावी जमीन घेतली. मयत घेऊन तिथवर जाणं म्हणजे लांबचा प्रवास. ज्यू रिवाजात पुरायला उशीर करायचा नसतो, त्यामुळे हे फार अडचणीचं होतं. अखेर 1614 मध्ये आउडरकेर्कला संगमाजवळची जमीन मिळाली. पहिली कबर एका लहान मुलाची होती. ग्रूटला पुरलेल्यांचे अवशेषही पुढे इथे आणले गेले.

कब्रस्तानाचं नाव बेथ हाइम, म्हणजे जीवनाचं घर. पुण्यात स्मशानाला वैकुंठ म्हणतात, त्यातलाच प्रकार. अप्रिय गोष्टीला गोड नाव देण्याची माणसाची खोड सगळीकडे सारखी.

मयत नदीतून यायचं. रस्ते चिखलाचे, नदी मात्र सरळ शहरातून निघून थेट संगमापर्यंत येणारी. काठावरून घोडा दोर ओढत चालायचा आणि पाण्यावरून होडी सरकायची. अ‍ॅमस्टेलवरून वळून होडी बुल्लेवाइकमध्ये शिरायची आणि कब्रस्तानाच्या धक्क्याला लागायची. धक्क्याजवळच 1705 साली बांधलेलं एक बुटकं घर आहे, रोदेआमेंतोसचं घर. रोदेआमेंतो म्हणजे फेरी. इथे शवपेटीभोवती प्रार्थना म्हणत सात फेऱ्या घालायच्या आणि मग मयत कबरीकडे न्यायचं. कोहेन म्हणजे पुरोहित घराण्यातल्या लोकांना मयताचा विटाळ चालत नाही, त्यामुळे कबरींच्या रांगांत शिरायची त्यांना मनाई. त्यांच्या माणसांच्या कबरी वाटेच्या कडेला ठेवल्या, म्हणजे दुरून दर्शन घेता येईल. सोवळ्याचे असले हिशेब आपल्याला समजावून सांगावे लागत नाहीत.

कबरींचे दगड आडवे आहेत. इबेरियातून, म्हणजे स्पेन-पोर्तुगालातून आलेल्या ज्यूंची रीतच तशी. मध्य युरोपातून आलेल्या ज्यूंच्या कबरींवर दगड उभे असतात. पण या जमिनीत आडवी जड शिळा ठेवायची म्हणजे ती हळूहळू गिळली जाणार. शेकडो शिळा मातीखाली गेल्या, वर गवत उगवलं. एकोणिसाव्या शतकात याच समाजातल्या दाविद हेन्रिकेस दे कास्त्रो नावाच्या गृहस्थांनी 1866 पासून त्या उकरून काढायला घेतल्या. माती झाडून, अक्षरं लावून त्यातल्या निवडक शिळांचा संग्रह त्यांनी 1883 मध्ये छापला. नवा शोध लावण्यापेक्षा आपल्याच पणजोबांना मातीतून वर काढण्याचं हे काम मला जास्त अवघड वाटतं.

त्या शिळांतली एक जवळून पाहू. 1717 मध्ये वारलेल्या साम्युएल सेन्योर तैशेरा यांची. पांढऱ्या संगमरवरावर कोरीव चित्र : लहानगा साम्युएल आणि त्याला हाक मारणारा देव. प्रत्यक्ष देवाची आकृती! मूर्ती करू नका, ही ज्यू धर्मातली दहा आज्ञांपैकी एक. तरी इथे देवच दगडात उतरला आहे. इतर शिळांवर इसहाकचा बळी द्यायला निघालेला अब्राहम आहे, वीणा घेतलेला डेव्हिड आहे, याकोबची शिडी आहे, कवट्या आणि वाळूची घड्याळंही आहेत. बहुतेकदा ज्याची कबर त्याच्या नावाच्या बायबलमधल्या माणसाची कथा कोरायची, अशी पद्धत. लेख पोर्तुगीज, स्पॅनिश, हिब्रू अशा भाषांत. पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती म्हणून वावरलेले लोक इथे पुन्हा ज्यू झाले, पण इबेरियातल्या चर्चची चित्रं डोळ्यांत राहिली ती राहिलीच, असा तर्क यावर केला जातो. तो मला पटतो.

इथे कोण कोण आहे? फ्रान्सच्या राणी मारी द मेदिचीचा वैद्य एलियाहू मोंताल्तो 1616 मध्ये फ्रान्समध्ये तूरला वारला. त्याचा देह मसाले भरून इथवर आणला. मोरोक्कोच्या सुलतानाचा वकील साम्युएल पालाचे त्याच वर्षी हेगला वारला, तेव्हा अंत्ययात्रेत काही अंतर खुद्द हॉलंडचा कारभारी मॉरिस राजपुत्र चालला. इंग्लंडचा तेव्हाचा सत्ताधीश क्रॉमवेल याच्याशी बोलणी करून इंग्लंडचं दार ज्यूंना पुन्हा उघडावं म्हणून धडपडलेला धर्मगुरू मेनासे बेन इस्राएल 1657 मध्ये आला. चित्रकार रेम्ब्रांटने ज्याचं चित्र काढलं तो वैद्य एफ्राइम ब्वेनो इथेच आहे. आणि तत्त्वज्ञ स्पिनोझाचे आईवडील : आई हाना डेबोरा 1638 मध्ये, वडील मिखाएल 1654 मध्ये. मुलाला समाजाने 27 जुलै 1656 रोजी बहिष्कृत केलं, वडिलांच्या मृत्यूनंतर दोन वर्षं आणि काही महिन्यांनी. त्याला आईवडिलांशेजारी जागा मिळणं शक्य नव्हतं. तो 1677 मध्ये हेगमध्ये वारला आणि तिथल्या एका चर्चमध्ये पुरला गेला. छळातून पळून आलेल्या समाजाने आपल्यातल्या एकाला बाहेर काढावं, हेही या गावाच्या मातीत लिहिलेलं आहे.

आणखी एक कबर आहे, एलिएझरची. 1629 मध्ये पुरलेला हा आफ्रिकी वंशाचा माणूस पाउलो दे पिना नावाच्या व्यापाऱ्याचा सेवक होता. शिळेवर पोर्तुगीजमध्ये त्याला ‘भला सेवक’ म्हटलं आहे. गुलाम की नोकर, याची चर्चा होत राहते, पण त्या काळात त्या दोहोंतली रेघ पुसटच होती. गेल्या काही वर्षांत हॉलंडमधले सुरिनामी (सुरिनाम ही दक्षिण अमेरिकेतली जुनी डच वसाहत) वंशाचे लोक त्याच्या स्मरणासाठी इथे जमतात. नामांकितांच्या यादीपेक्षा मला हीच कबर जास्त बोलकी वाटते.

चित्रकलेत रस असलेल्यांना हे कब्रस्तान याकोब व्हान राइसडालमुळे ठाऊक असतं. सतराव्या शतकाच्या मध्याला त्याने ‘ज्यू कब्रस्तान’ ही दोन मोठी चित्रं रंगवली. एक ड्रेस्डेनला आहे, दुसरं अमेरिकेत डेट्रॉइटला. चित्रात मोंताल्तोची कबर ओळखू येते, पण मागे डोंगर आहे, पुढे खळाळता ओढा आहे, पडकी भिंत आहे, वर काळे ढग आणि इंद्रधनुष्य. आउडरकेर्कमध्ये डोंगर तर सोडाच, टेकाडसुद्धा नाही. पडकी भिंत त्याने उत्तरेकडच्या एग्मोंडच्या मठावरून उचलली. चित्र पाहून गावात येणाऱ्याची फसगत व्हायचीच. ते चित्र गावाचं नव्हेच, राइसडालच्या मनातल्या मरणाचं आहे.

त्याच शतकात अ‍ॅमस्टरडॅमच्या धनिकांना उन्हाळ्यात शहराच्या कालव्यांचा वास सोसेनासा झाला आणि त्यांनी या नदीकाठी बंगले बांधायला घेतले. बागा, कारंजी, नदीकडे तोंड करून लोखंडी फाटक. एकेकाळी काठ अशा बंगल्यांनी भरून गेला होता. एकोणिसाव्या शतकात पैसा आटला, बंगले पाडून विटा विकल्या गेल्या. 1662 चा वेस्टर-अ‍ॅमस्टेल आणि ओस्टरमेर असे मोजके उरले आहेत. रेम्ब्रांट याच काठाने वही घेऊन भटकायचा. शहराच्या वेशीवर रीकर पवनचक्कीपाशी त्याचा चित्र काढत बसलेला पुतळा आहे. ती चक्की 1636 ची, पण इथे 1961 मध्ये दुसरीकडून हलवून आणलेली. पर्यटक दोघांचा एकत्र फोटो काढतात आणि रेम्ब्रांटने हीच चक्की पाहिली असं समजून परततात.

विसाव्या शतकात जर्मनांनी हॉलंड ताब्यात घेतला, तेव्हा देशात सुमारे 1,40,000 ज्यू होते. त्यांतले एक लाखाहून अधिक मारले गेले. अ‍ॅमस्टरडॅमचा पोर्तुगीज ज्यू समाज जवळजवळ संपला. बेथ हाइम मात्र जागेवर राहिलं. सत्तावीस-अठ्ठावीस हजार कबरींचं हे कब्रस्तान आजही वापरात आहे. हॉलंडमध्ये कबरीची जागा सहसा ठरावीक वर्षांच्या भाड्याने मिळते, मुदत संपली आणि कोणी पैसे भरले नाहीत की कबर मोकळी करून दुसऱ्याला देतात. ज्यू धर्मात हे चालत नाही, कबर कायमची. त्यामुळे इथे जुनं काही निघत नाही, पुढच्या काळात लागेल तशी शेजारची जमीन घेतली गेली.

गावाच्या दक्षिणेला अ‍ॅमस्टेल, वावर आणि बुल्लेवाइक या तीन नद्यांनी वेढलेला रोंडे हूप नावाचा गोलसर माळ आहे. कडेला बांध, बांधावर शेतकऱ्यांची घरं आणि आत नुसतं गवत. आठशे-नऊशे वर्षांपूर्वी खणलेले चर चाकाच्या आऱ्यांसारखे कडेपासून मध्याकडे जातात. आतल्या भागात रस्ता नाही, घर नाही. वसंतात ग्रुटो नावाचे लांब चोचीचे, लांब पायांचे पक्षी या गवतात अंडी घालतात. हा माळ पाण्याच्या खात्याने आणीबाणीची जागा म्हणून राखून ठेवला आहे. कधी असा पाऊस झाला की नद्या आणि कालवे फुगून शहराचे बांध फुटायची वेळ आली, तर रोंडे हूपचा बांध उघडून पाणी आत घ्यायचं. शेतकऱ्यांच्या नुकसानभरपाईची तरतूद आहे. ती वेळ अजून आलेली नाही.